शोकेस भंगारात देण्याआधी एकदा त्यातली बाहुली उलटी करून बघा

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. थोडी भांडणाचीही आहे, ते आधीच सांगते.

गेल्या काही वर्षांत आपल्यातली बरीच घरं नानपुरा, गोपीपुरा, उधना सोडून वेसू आणि पालच्या नव्या फ्लॅटमध्ये गेली. छान झालं. लिफ्ट आली, पार्किंग आलं. पण सामान हलवताना जवळजवळ प्रत्येक घरात पहिला बळी गेला तो शोकेसचा. इंटिरियरवाला मुलगा येतो, भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, "आंटी, आ बधुं काढी नाखवुं पडशे." मग आतली बदकांची जोडी, छत्रीवाली मडम, मान वळवून बघणारं हरीण, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातं आणि खोकं भंगारवाल्याकडे. इथवर मी गप्प बसले असते. पण सहा महिन्यांनी त्याच भिंतीत एक कोनाडा होतो, वर छोटा दिवा लागतो, आणि खाली मॉलमधून आणलेला स्पॅनिश पोर्सिलेनचा गणपती नाहीतर क्रिस्टलचा हंस येऊन बसतो. आणि मला सांगितलं जातं, "काकू, हे कलेक्टिबल आहे हं."

असेल की. त्या गणपतीवर माझा राग नाही. उलट तो मला फार आवडतो, का ते पुढे सांगते. माझं म्हणणं एवढंच की जे खोक्यातून गेलं तेही त्याच कुळातलं होतं. आणि बघायची नजर नसेल तर ती बिलासोबत मिळत नाही.

आपली पंचाईत शब्दापासूनच सुरू होते. देवाची असली तर मूर्ती, मुलांची असली तर बाहुली, आणि बाकी सगळं 'शोपीस'. प्लॅस्टिकचा ताजमहालही शोपीस आणि हाताने पाकळी पाकळी लावून केलेली चिनी मातीची फुलवालीही शोपीस. एकाच शब्दाखाली सगळं घातलं की फेकतानाही सगळं एकदमच फेकलं जातं.

पण जमवण्याची आणि मांडण्याची हौस आपल्याकडे नव्हती असं कुणी म्हणू नये. चैत्रगौर आठवा. माझे आजोबा गायकवाडीत नवसारीला कारकून होते, नंतर कुटुंब सुरतेला आलं, पण आजीची चैत्रगौरीची आरास काही बदलली नाही. लाकडी खोक्यांच्या पायऱ्या, त्यावर धुतलेली साडी, सगळ्यात वर गौर आणि खाली घरातली एकूण एक देखणी वस्तू. पन्हं, आंब्याची डाळ, कलिंगड, ओटीला भिजवलेले हरभरे. आजूबाजूच्या गुजराती बायका हळदीकुंकवाला आल्या की आधी पायऱ्यांसमोर उभ्या राहायच्या. "आ नवुं छे?" असं बोट दाखवून विचारायच्या. आजीला ते फार आवडायचं, कारण दरवर्षी एखादी तरी वस्तू नवी असायची. एखादी चौटा बाजारातून घासाघीस करून आणलेली, एखादी मुंबईच्या मावशीने पाठवलेली. कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसायची हेही ठरलेलं. आता याला संग्रह नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? वर्षातून एक महिना उघडणारं म्युझियमच होतं ते, आणि बघायला येणाऱ्याला वर पन्हंही मिळायचं.

त्या आरशीत दुसऱ्या पायरीवर वीतभर उंचीची एक सरस्वती असायची. पांढरीशुभ्र, गाल किंचित गुलाबी, हातात वीणा. अंगावर खऱ्या कापडाची साडी आणि तिला सुरतेच्या जरीचा काठ. लहानपणी मला ती देवी कमी आणि मडम जास्त वाटायची. एकदा तिची साडी बदलताना आजीने तिला आडवं केलं तेव्हा तळाला मातीतच दाबलेली इंग्रजी अक्षरं दिसली: जर्मनी. सरस्वती जर्मनीहून कशी आली, हा प्रश्न माझ्या डोक्यात कित्येक वर्षं राहिला.

उत्तर असं आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. नंतर छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाकडेच गेला. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी लागल्या. या चित्रांना किती मागणी आहे हे बघून तसल्याच देवी चिनी मातीत घडवून जर्मनीतले कारखाने इकडे पाठवू लागले. बायकांनी त्यांना इथे साड्या नेसवल्या, जरी-टिकल्या लावल्या. छापील चित्रांनाही तशीच जरी आणि टिकल्या चिकटवायची पद्धत होतीच. म्हणजे आजीच्या त्या एका बाहुलीत केरळचा चित्रकार, मळवलीचा छापखाना, जर्मनीची भट्टी आणि सुरतेची जरी एकत्र नांदत होती. एवढं सगळं एका वितीत मावलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि अशा वस्तूंना आपण 'जुनं शोपीस' म्हणतो.

आता जर्मनीवरून थोडं तिकडचं सांगते, कारण गोष्ट खरंच मजेदार आहे. चिनी माती चीनची, आणि युरोपला ती शेकडो वर्षं करता येत नव्हती. मुघलांच्या काळात चीनची भांडी आपल्या याच सुरत बंदरात उतरायची. इंग्रजांची वखार इथे 1613 ची. युरोपातले राजे या भांड्यांसाठी वेडे होते. सॅक्सनीचा राजा ऑगस्टस याने तर 1717 मध्ये प्रशियाच्या राजाला आपले 600 घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात चिनी मातीचे 151 नग घेतले! याच राजाने ब्योटगर नावाच्या एका किमयागाराला सोनं बनवून दे म्हणून कोंडून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, पण 1708 च्या सुमारास पोर्सिलेन झालं, आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. तळाला निळ्या दोन तलवारींची फुली असते ती त्यांची खूण.

मला या हकिगतीतली सगळ्यात आवडती गोष्ट पुढे आहे. तिकडच्या राजवाड्यांत मेजवानीच्या शेवटी गोड पदार्थांच्या टेबलावर साखरेच्या बाहुल्या मांडायची पद्धत होती. मेंढपाळ, नर्तकी, विदूषक, बागा, कारंजी, सगळं साखरेचं. माइसेनला 1731 मध्ये कँडलर नावाचा शिल्पकार आला आणि त्याच्या हाताखाली या साखरेच्या बाहुल्यांची जागा पोर्सिलेनच्या बाहुल्यांनी घेतली. म्हणजे शोकेसमधल्या मडमचं मूळ पंगतीच्या साखरेत आहे. हे वाचलं आणि मला आपलं रुखवतच दिसलं! साखरेचं तुळशीवृंदावन, हलव्याचे दागिने, विहिणीला दाखवायची मांडामांड. फरक इतकाच की त्यांनी साखर सोडून माती धरली आणि ती टिकली; आपलं मुंग्यांनी नेलं.

जाता जाता, याच ऑगस्टसने आपल्या सोनाराकडून एक अख्खा दरबार करवून घेतला, सोन्याच्या आणि मीनाकाम केलेल्या शंभरावर छोट्या आकृत्या, हजारो हिरे जडवलेले. विषय काय, तर औरंगजेबाचा वाढदिवस. 1701 ते 1708 हा त्या कामाचा काळ. म्हणजे ड्रेस्डेनमध्ये बादशहाच्या थाटाच्या बाहुल्या बनत होत्या तेव्हा खरा बादशहा इकडे मराठ्यांपुढे टेकीला येऊन नगरजवळ मरत होता. त्या सोनाराला हे कुणी कळवलं नसावं.

असो. मूळ मुद्द्यावर येते. वस्तू कलेची आहे की नुसती बाजारू, हे ओळखायचं कसं? त्यासाठी ती बनते कशी ते माहीत हवं, आणि आपल्या लोकांना ते समजायला अगदी सोपं आहे, कारण साच्यातला गणपती आपण पाहिलेला असतो. आधी शिल्पकार एक नमुना करतो. त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा काढतात. हात वेगळा, डोकं वेगळं, टोपली वेगळी. साच्यात ताकासारखी पातळ माती ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतं, कडेला मातीचा थर धरतो, मधली माती ओतून टाकतात. म्हणून बाहुली आतून पोकळ असते. मग ओले तुकडे त्याच पातळ मातीने जोडायचे, सांधे पुसायचे, बोटं-पापण्या कोरायच्या आणि भट्टीत घालायचं. तेराशे अंशांच्या आसपास माती काचेसारखी घट्ट होते आणि आकारानेही बरीच आक्रसते. आक्रसताना एखादी तडकते, एखादीची मान वाकडी होते. हात पुढे पसरलेली, एका पायावर उभी अशी आकृती भट्टीतून धड बाहेर येणं म्हणजे कारागिराची परीक्षा असते.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ लाद्रो नावाच्या तीन भावांनी 1953 मध्ये काम सुरू केलं, तेच हे आजचं मॉलमधलं लाद्रो. त्यांच्या वस्तूंतली फुलं पाकळी पाकळी हाताने लावतात. तो गणपती मला आवडतो तो यासाठी. त्याच्या हारातलं एकेक फूल बघा, मग किंमत विचारा. पण कोनाड्यात ठेवणाऱ्या किती जणांनी तो हार जवळून बघितलाय? मी विचारलं तर एका घरात उत्तर आलं, "काकू, लिमिटेड एडिशन आहे." हे काय उत्तर झालं?

ओळखण्याच्या साध्या खुणा सांगते. तळ बघा: जिथे टेकतं तिथे चकाकी नसलेली खरखरीत कडा असते, आणि कुठेतरी एक छोटं भोक असतं, भट्टीत आतली हवा बाहेर जावी म्हणून. हात लावा: पोर्सिलेन थंड लागतं, रेझिनची वस्तू कोमट. हलकेच टिचकी मारा: पोर्सिलेन किणकिणतं, प्लास्टर बोथट आवाज देतं. पातळ जागा दिव्यासमोर धरली तर उजेड आरपार झिरपतो. मग चेहरा बघा. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघतात का? बोटं सुटी आहेत की पंजा नुसता हातमोजा आहे? इथे बहुतेक स्वस्त वस्तू नापास होतात. आणि कधीकधी महागही.

शाकाहारी घरात विचारतात म्हणून: हाडाची राख बोन चायनात असते, साध्या पोर्सिलेनमध्ये नाही. आजी कपबश्या स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, पण लोणच्याला मात्र चिनी मातीचीच बरणी हवी. या बरण्या-कपबश्यांचा धंदा सौराष्ट्रात थानगढच्या बाजूला रुजवणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते, परशुराम पॉटरी त्यांचीच. मोरबीच्या टाइल्स आज जगभर जातात, पण त्या मातीच्या कहाणीत आपलंही एक नाव आहे हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

आता क्रिस्टलकडे. इथे मी जरा जास्त कडक आहे. ज्याला दुकानात क्रिस्टल म्हणतात तो स्फटिक नाही. ती काच आहे. जपाची माळ असते तो स्फटिक जमिनीतून निघतो. ही काच भट्टीतून निघते. पूर्वी त्यात शिसं घालायचे, त्याने काच जड होते, पैलू पाडायला मऊ पडते आणि जास्त लखलखते. इंग्लंडमध्ये रेवन्सक्रॉफ्टने अशा काचेसाठी पेटंट घेतलं ते 1674 मध्ये, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. स्वारोव्स्की ऑस्ट्रियात वॅटन्सला 1895 पासून आहेत, काचेला यंत्राने पैलू पाडण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. पण त्यांच्या बाहुल्या फार उशिराच्या. 1976 मध्ये झुंबराचे लोलक जोडून तिथल्या एका कारागिराने उंदीर केला, आणि त्यातून सगळी जनावरं निघाली. काचेला काच म्हणा, तिचा मान कमी होत नाही. पण "घरात क्रिस्टलचं कासव ठेवा, पैसा येतो" असं सांगून विकणारे आणि घेणारे, दोघांनाही माझा दुरून नमस्कार.

गंमत म्हणजे या वस्तू बघायला सुरतेहून चांगली जागा नाही. जगातले बहुतेक हिरे इथे घासले जातात. आमच्या शेजारी घंटीवर वर्षानुवर्षं बसलेले एक हिऱ्याचे कारागीर राहायचे. भाचीला भेट आलेला क्रिस्टलचा हंस मी त्यांना दाखवला. खिशातलं भिंग काढून त्यांनी मानेपासून शेपटीपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "काच छे बेन, पण काम चोख्खुं छे." का चोख, ते पण दाखवलं: पैलूंच्या धारा एका टोकाला बरोबर मिळत होत्या, कुठे गोलावलेल्या नव्हत्या. त्यानंतर त्यांनी माझ्याकडच्या दुसऱ्या एका 'क्रिस्टल' बदकावर भिंग धरलं आणि एका शब्दात निकाल दिला: "मोल्डेड." म्हणजे पैलू पाडलेले नाहीत, साच्यातच आलेत. तुमच्या सोसायटीत असं भिंगवालं माणूस नक्की असेल. मॉलमधल्या सेल्समनऐवजी त्याला विचारा.

आणि गुंतवणूक म्हणून घेत असाल तर हात जोडते, घेऊ नका. सोनं वितळवून विकता येतं, बाहुली नाही. तिला दुसरा हौशी गिऱ्हाईक लागतो, आणि तो आपल्या गावात असेलच असं नाही. बोटाचं टोक उडालं की भाव कोसळतो, मूळ खोकं आणि कागद नसले की आणखी कोसळतो. 'मर्यादित आवृत्ती' म्हणजे कधी शंभर तर कधी हजारो नग, आकडा विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. स्वारोव्स्कीने 1987 पासून सभासदांसाठी वर्षाला एक खास वस्तू काढायला सुरुवात केली, जगभर लोकांनी ती हौसेने जमवली. छान छंद आहे. पण छंद म्हणून.

मी हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे, आणि ते 2006 चं आहे. ऑगस्टची सात तारीख इथल्या कुणाला सांगायला नको. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर. उकाईचं पाणी सोडलं आणि तापी घरात आली. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा ढोपरभर गाळ. फ्रीज आडवा. लग्नाचा अल्बम म्हणजे एक चिकट वीट झाली होती. आईच्या पैठणीचा रंग दुसऱ्या साडीत. बाबांच्या पत्रांचा लगदा. शोकेसचं लाकूड फुगून दार उघडेना, शेवटी काच फोडली. आत प्लास्टरची राधा विरघळून निव्वळ तार उरली होती, काचेच्या हंसाखालचा आरसा काळा पडला होता.

आणि चिनी मातीचं सगळं होतं. गाळाने भरलेलं, पण होतं. आईने बादलीभर पाणी घेतलं, एकेक बाहुली बुडवून जुन्या टूथब्रशने घासली आणि गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडली. बदकं, मडम, हरीण, सरस्वती. तिची जरीची साडी कुजून गेली होती, पण गालांचा रंग तसाच्या तसा. तळाच्या भोकातून तिच्या पोटात गाळ शिरला होता, तो कितीतरी दिवस थेंब थेंब तपकिरी पाण्यातून बाहेर येत राहिला. आजीच्या हातची म्हणावी अशी आमच्या घरात तीच एक वस्तू राहिली. आजीचा फोटोसुद्धा नाही.

म्हणून कुणी "काय त्या बाहुल्या" म्हटलं की मला राग येतो.

आई गेल्यावर भावंडांत वाटणी झाली तेव्हा दागिन्यांवरून कुणाचा आवाज चढला नाही. चढला तो सरस्वतीवरून. धाकट्या वहिनीचं म्हणणं, ती दरवर्षी गौर मांडते, तर तिच्याकडे जावी. माझं म्हणणं, ती फ्लॅटच्या बंद कपाटात जाणार असेल तर नको. शेवटी असं ठरलं की ती माझ्याकडे राहील आणि चैत्रात महिनाभर वहिनीकडे जाईल. तशी ती गेली तीन वर्षं जाते, स्टीलच्या डब्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून, रिक्षाने. माझ्यानंतर कुणाकडे, ते अजून ठरलेलं नाही. मुलं पुण्याला आणि टोरांटोला आहेत. दोघंही "आई, फोटो काढून ठेव ना" म्हणतात.

फोटो काढलेत. शिवाय प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी चिकटवलीय, पेन्सिलने लिहिलेली: कुणी दिली, कधी, कुठून, कुठे तडा आहे. शाई ओलीने पसरते, पेन्सिल टिकते. गोंद थेट मातीवर लावू नका, दोऱ्याने बांधा किंवा पोकळीत घडी करून ठेवा. जोडायची वेळ आली तर फेविक्विकने घाई करू नका. धुताना सिंकमध्ये टॉवेल अंथरा. आणि सिटीलाइटच्या सायन्स सेंटरमध्ये आपलं सरदार संग्रहालय आहे, 1890 मध्ये विंचेस्टर म्युझियम म्हणून सुरू झालेलं. नातवंडांना एकदा तिथे न्या. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेला चिनी-जपानी संग्रह बघा. तिथे काचेमागे जे बसलंय त्याचे गरीब नातेवाईक आपल्या शोकेसमध्ये होते हे लगेच लक्षात येतं.

तर ज्यांचं अजून शिफ्टिंग व्हायचंय त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. शोकेस उघडा, एकेक वस्तू उलटी करा, तळाला काय लिहिलंय ते वाचा. जर्मनी, जपान, तलवारी, मुकुट, काहीही असेल तर खाली कॉमेंटमध्ये फोटो टाका, वरून एक आणि तळाचा एक. कुणी दिली होती तेही लिहा. आणि कुणाकडे जुन्या जरीचा बोटभर रुंद काठ शिल्लक असेल, खरी जरी, तर मला मेसेज करा. सरस्वतीला नवी साडी शिवायची आहे.